रान तापत टाकलंय की पड पडलंय?

मैदानाच्या कडेला : वाचकांचे प्रश्न, निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या बेसबॉलचा २०२५ चा हंगाम संपल्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. पिट्सबर्ग पायरेट्स हा माझा संघ ७१ सामने जिंकून आणि ९१ हरून घरी बसला, आता फेब्रुवारीपर्यंत वाट बघायची, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेली पत्रं बघून मला खरंच आनंद झाला. बेळगाव, खानापूर, निपाणीत हा खेळ बघणारी इतकी माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. चार पत्रं इथं घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्या मुलाचा राग माझ्या ओळखीचा आहे.

प्रश्न : सर, नमस्कार. मी अनगोळचा, वय २०. डिप्लोमा करून उद्यमबागमध्ये एका कारखान्यात ट्रेनी आहे. २०२४ च्या मे महिन्यात पॉल स्कीन्सची पिचिंग (चेंडूफेक) बघितली आणि पायरेट्सचा झालो. दोन हंगाम पहाटे चारला उठून सामने बघितले. दोन्ही वर्षं आपण गटात शेवटचे. नोव्हेंबर संपत आला, रोज फोन बघतो, मोठं नाव काही येत नाही. जो तो म्हणतो, "संघबांधणी चाललीय, धीर धर." किती वर्षं? मित्र म्हणतात लॉस एंजेलिस डॉजर्सचा हो, ते लागोपाठ दोनदा अजिंक्य ठरले. आजोबा म्हणतात, आपण सीमाभागातली माणसं, वाट बघायची आपल्याला सवयच आहे. मला ती सवय नको आहे. संघ बदलला तर मी बेइमान ठरेन का?

उत्तर : बाळ, बेइमान हा शब्द आधी खोडून टाक. फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी पहाटे चारला उठून हरणारा संघ दोन वर्षं बघणाऱ्या पोराला तो शब्द लागू होत नाही.

मी या संघाचा कसा झालो ते सांगतो. २००८ मध्ये आपल्या देशात एक टीव्ही स्पर्धा झाली, सगळ्यात जोरात आणि नेमका चेंडू कोण फेकतो याची. त्यातून रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे, दुसरा) आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन पोरं निघाली. दोघंही भाला फेकणारे. त्याच वर्षी नोव्हेंबरात पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. ही बातमी मी वाचली तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिक्षक होतो आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होतो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीणच. चेंडू मोठा, मैदान लहान, फेक खालून. माझ्या संघातली एक मुलगी भालाही फेकायची. बातमीचं कात्रण मी ग्लोव्हच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. ती दोन पोरं मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत पोचली नाहीत, पण मी त्या संघाचा झालो तो आजपर्यंत.

संघाची माहिती काढली तेव्हा कळलं की १९९२ नंतर एकाही हंगामात त्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नव्हते. पुढं २०१२ पर्यंत तसंच चाललं. सलग २० हंगाम. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग दुसऱ्या कुठल्याच संघाची नाही. त्यात २०१२ सगळ्यात जास्त लागलं, कारण ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही ६३ विजय, ४७ पराभव असे होतो. मला वाटलं, संपला वनवास. हंगाम संपला तेव्हा ७९ विजय आणि ८३ पराभव.

मग २०१३. १ ऑक्टोबरला तिकडं रात्र होती, आपल्याकडं २ तारखेची पहाट, गांधी जयंती. आठला शाळेत कार्यक्रम होता. साडेपाचच्या सुमाराला सिनसिनाटीविरुद्धचा बाद फेरीचा सामना सुरू झाला आणि भावाच्या कॉम्प्युटरवर, तेव्हा खानापुरात जेवढं इंटरनेट मिळायचं तेवढ्यावर, मी तो थांबत थांबत बघितला. पीएनसी पार्कमध्ये, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर, ४० हजार माणसं, बहुतेक सगळी काळ्या कपड्यांत. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याचं नाव सगळे एका सुरात लांबवून ओरडत होते. क्वेटोच्या हातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिननं होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारला. चित्र अडकलं होतं, त्यामुळं मला आवाज आधी आला आणि उडालेला चेंडू नंतर दिसला. २० वर्षं थांबलेल्या लोकांचा तो आवाज होता. आम्ही ६–२ नं जिंकलो. शाळेत प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हाही माझे हात थरथरत होते.

म्हणजे धीर काय असतो ते मी भोगून सांगतोय. आणि तरीही सांगतो, तुझा राग बरोबर आहे.

नंदगडकडं माझं दीड एकर भाताचं रान आहे. सुगी झाली की नांगरून तापत टाकतो. शेजारचं एक रान भाऊबंदकीत पाच वर्षं पड आहे. एप्रिलात रस्त्यानं जाणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पीक कुठंच नाही. पण बांधावरून आत उतरलं तर पड रानात वाळलेली हरळी आणि घाणेरी, आणि माझ्या रानात उलटी पडलेली ढेकळं, शेणखताचे ढीग, नवा धरलेला बांध. वळीव पडून गेले की आमच्याकडं धूळवाफ पेरणी करतात. कोरड्या मातीत भात पेरायचा आणि मृगाची वाट बघायची. कधी पाऊस ओढ देतो, कधी एकदम कोसळून बी कुजवतो. पण निदान पेरलेलं असतं. शेजारच्या रानात पाऊस कितीही चांगला झाला तरी भात येणार नाही. तुला जे "धीर धर" म्हणतात त्यांना एवढंच विचार, की आपलं रान यातलं कुठलं?

गंमत बघ, बेसबॉलमध्येही खालच्या पायऱ्यांवरच्या संघांना 'फार्म'च म्हणतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि मग मेजर लीग. १८ वर्षांचं पोर निवडलं तर वर यायला तीन-चार वर्षं सहज जातात, आणि बरीच पोरं येतच नाहीत. संघबांधणी म्हणजे तयार झालेले, आता महाग पडणारे खेळाडू दुसऱ्याला द्यायचे आणि बदल्यात अशी कोवळी पोरं घ्यायची. हे होतं पैशामुळं. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होऊन हव्या त्या संघाकडं जाऊ शकत नाही, आणि पहिली साधारण तीन वर्षं त्याचा पगार किमान पगाराच्या आसपासच असतो. संघानं एकूण पगारावर किती खर्च करावा याला पक्की मर्यादा नाही. फार खर्च केला तर कर भरावा लागतो, बस्स. त्यामुळं डॉजर्स शोहेई ओहतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल करू शकतात आणि पिट्सबर्गवाले पेरून बघू म्हणतात.

आता आपल्या रानात उतरू. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन गेले. मॅककचन म्हणजे २०१३ चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू, आमच्या घरातला माणूस. त्याच्या बदल्यात आलेल्यांत ब्रायन रेनॉल्ड्स होता. ते रोप रुजलं, २०२३ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा करार झाला. पण त्याच २०१८ च्या जुलैत क्रिस आर्चर या एका पिचरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघं देऊन टाकले. ती चूक होती, तेव्हाही वाटत होती आणि आजही वाटते. २०२०–२१ च्या हिवाळ्यात जॉश बेल, ज्यो मसग्रोव्ह, जेमसन टायॉन एकापाठोपाठ गेले. मसग्रोव्हनं सॅन डिएगोला जाऊन ९ एप्रिल २०२१ ला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्याला एकही हिट नाही. सॅन डिएगोच्या इतिहासातला तो पहिला नो-हिटर. त्या दिवशी मी घरात कुणाशी नीट बोललो नाही.

२०२१ ला १०१ पराभव, २०२२ ला १००. त्यानंतर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, सोडतीत पहिली निवड आपल्याला लागली आणि स्कीन्स आला. २०२४ मध्ये निवडलेला कॉनर ग्रिफिन २०२५ च्या एकाच हंगामात सिंगल-ए पासून डबल-ए पर्यंत चढला, वय १९. ढेकूळ फोडल्यावर आत लागणारी ओल म्हणतात ती ही. तेव्हा आपलं रान पड नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

पण पीक उभं राहिल्यावरही कुणी "अजून थांबा" म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. २०२५ मध्ये स्कीन्सचा ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगांच्या अख्ख्या सामन्यामागं दोन धावासुद्धा नाहीत. लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं. आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०! लीगमधला सगळ्यात चांगला पिचर अर्ध्या वेळा हरतो, कारण त्याच्या मागं बॅट धरणारे धावा करत नाहीत. सहा वर्षांच्या त्या नियमानुसार तो २०२९ च्या हंगामापर्यंत आपला आहे. म्हणजे हातात चार हंगाम. भात पोटरीत आलंय आणि पाटाला पाणी सोडायचं नाही, असं चालत नाही. पिट्सबर्गच्या स्टेडियममध्ये लोक "संघ विकून टाका" म्हणून ओरडतात. त्यांना अधीर म्हणणारे चुकतात. ती माणसं उठून गेलेली नाहीत, तिकीट काढून आत बसून ओरडतायत.

या हिवाळ्यात मोठ्या नावाकडं डोळे लावू नकोस. दोन चांगले बॅटर येतात का आणि त्यांच्यासाठी कुठली पोरं जातात, तेवढं बघ.

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचं म्हणणं मला कळतं, माझ्या वडिलांचं आयुष्यही त्याच वाटेकडं बघण्यात गेलं. पण ती वाट आणि ही वाट एका मापानं मोजता येत नाही. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा सीमारेषा आपल्याला विचारून ओढली नव्हती. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वाटेवरून उठून दुसरीकडं जायची सोय नाही. पिट्सबर्ग तू स्वतः निवडलंस आणि उद्या सोडूही शकतोस. आणि एक गोष्ट आजोबांनाच विचार. त्यांची पिढी नुसती वाट बघत बसली होती का? मोर्चे कुणी काढले, सत्याग्रहात तुरुंगात कोण गेलं? आपल्याकडची वाट बघणारी माणसं कधी गप्प बसलेली नाहीत. तूही बसू नकोस.

डॉजर्सचं म्हणशील तर त्यांचा खेळ जरूर बघ, सुंदर खेळतात. तुझं मन तिकडं वळलं तर मला राग येणार नाही. पण स्कीन्सचा सामना पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी लागेल त्या दिवशी तू झोपून राहशील असं मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्याकडं कुस्तीत पैलवान ठरवून पडला तर तिला नुरा कुस्ती म्हणतात आणि लोक आखाड्यातून हुसकावून लावतात. तुमच्या बेसबॉलमध्ये संघ वर्षानुवर्षं हरतात आणि त्याला संघबांधणी असं चांगलं नाव देतात. ही फसवणूक नव्हे काय? – एक निवृत्त बँक कर्मचारी, निपाणी

उत्तर : साहेब, तुमचा प्रश्न टोकदार आहे आणि त्यातला राग रास्त आहे. फक्त एक भेद करावा लागेल. नुरा कुस्तीत पैलवान खोटं लढतो. इथं मैदानावरचं पोर जीव तोडून लढत असतं, कारण त्याची भाकरी त्याच्या आकड्यांवर आहे. वस्तादानंच कच्चं पोर मोठ्या जोडीला सोडलेलं असतं. म्हणून दोष द्यायचा तर वस्तादाला, म्हणजे ऑफिसात बसून संघ ठरवणाऱ्यांना द्या, खेळणाऱ्याला नको.

हे सगळं फोफावलं ते ह्यूस्टनमुळं. ॲस्ट्रोज संघानं २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अखेरची मालिका जिंकली. (पुढं त्याच विजयी हंगामात त्यांनी कॅमेऱ्यानं समोरच्या कॅचरनं आपल्या पिचरला केलेल्या खुणा चोरल्याचं उघड झालं. २०२० मध्ये ५० लाख डॉलर दंड बसला आणि दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी गेल्या. ती खरी फसवणूक.) हरण्याचा फायदा असा, की ड्राफ्टमध्ये सगळ्यात खालच्या संघाला सगळ्यात आधी निवड मिळायची. बाल्टिमोरनंही तीच वाट धरली. २०१८ ला ११५ पराभव, २०२१ ला ११०, आणि २०२३ ला १०१ विजय. शिकागो व्हाइट सॉक्सनी डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेलसारखा पिचर देऊन पेरणी केली, २०२१ मध्ये गट जिंकला, आणि २०२४ मध्ये १२१ सामने हरले. १९०० नंतरच्या काळात एका हंगामात इतके पराभव कुणाचेच नाहीत. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० होते, तेही मागं पडले. बियाणं तेच, पेरणी तशीच, एकाचं पीक हाताला लागलं, दुसऱ्याचं गेलं. ज्यांनी शिकागोत सहा-सात वर्षं धीर धरला त्यांना शेवटी काय मिळालं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लीगनं आता थोडा बांध घातलाय. २०२२ च्या डिसेंबरपासून पहिल्या सहा निवडींसाठी सोडत काढतात. बाद फेरीत न पोचलेले १८ संघ त्यात असतात आणि तळाच्या तिघांना पहिल्या निवडीची सारखीच संधी, प्रत्येकी १६.५ टक्के. म्हणजे शेवटून तिसरा आला काय आणि शेवटचा आला काय, फरक नाही. चांगला नियम आहे, पण माझ्या मते अपुरा. माणूस मुलाबाळांना घेऊन तिकिटाचे पैसे मोजून येतो तो त्या संध्याकाळच्या सामन्यासाठी. पाच वर्षांनंतरच्या सामन्याचं तिकीट त्यानं काढलेलं नसतं.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा अकरावीला आहे. सामने नसतानाही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत "ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) बातमी येईल" म्हणून फोन घेऊन बसतो. आली नाही की सकाळी चिडचिड, नाश्त्याचं ताट बाजूला सारतो. त्याचे वडील म्हणतात फोन काढून घ्या. काय करू? – एक आई, शहापूर

उत्तर : ताई, फोन काढून घेऊ नका. तिकडं दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडं मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतात, म्हणून त्याची रात्र जाते. त्याला एवढं सांगा की रात्री आलेली बातमी सकाळी सहाला तशीच असते, खेळाडू परत जात नाही. डिसेंबरात सगळ्या संघांचे लोक तीन-चार दिवस एकत्र जमतात, तेव्हा बऱ्याच उलाढाली होतात. तेवढे दिवस त्याला सूट द्या, बाकीचे दिवस अकराला झोप. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर फ्लोरिडा-ॲरिझोनात सरावाला येतात आणि मग हे नुसतं बातम्यांवर जगणं संपतं.

आणि एक करून बघा. संध्याकाळी भाजी निवडताना त्याला जवळ बसवून विचारा, "तुझ्या संघातला तुझा आवडता कोण, आणि तो गेला तर तुला काय वाटेल?" मुलं चिडतात ती बातमीवर कमी आणि हे आपण कुणाला सांगू शकत नाही यावर जास्त. माझ्या घरी २०१८ च्या त्या जानेवारीत मॅककचन गेल्याचं मी बायकोला सांगितलं. तिला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. तिनं विचारलं, "किती वर्षं होता तुमच्याकडं?" मी म्हटलं, नऊ. ती म्हणाली, "मग वाईट वाटणारच." त्यानंतर मी जेवलो.

प्रश्न : मी कडोलीत गावच्या कबड्डी संघाला शिकवतो. यंदा पाच जुन्या खेळाडूंना बसवून १७-१८ वर्षांची पोरं घेतली. यात्रेतल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. आता मंडळाची माणसं म्हणतात, आमचा चांगला संघ मोडून ठेवला. रस्त्यात गाठून विचारतात. त्यांना काय सांगू? तुम्ही बेसबॉलबद्दल लिहिलेलं वाचून हे विचारावंसं वाटलं.

उत्तर : बरं केलंत विचारलंत. हे पत्र मला सगळ्यात जवळचं वाटलं, कारण या जागी मी उभा राहिलोय.

एका वर्षी माझ्या संघातल्या सात मुली एकदम दहावी होऊन गेल्या. उरल्या त्या सातवी-आठवीच्या. आणखी दोन मोठ्या मुली शाळेत होत्या, त्यांना घेऊन मी वेळ मारून नेऊ शकलो असतो. मी नेली नाही, सगळ्या लहान घेतल्या. पहिल्याच सामन्यात ०–१४. शाळेतल्या एका वरिष्ठांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, या खेळावर पैसे घालवायचेच कशाला? मला फार लागलं. घरी येऊन विचार केला तेव्हा माझी चूक दिसली. मुली निवडण्यात चूक नव्हती. मी काय करतोय आणि ते कधीपर्यंत दिसेल, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पालकांना दिसला तो फक्त ०–१४.

पुढच्या जूनमध्ये पालकांना बोलावलं. म्हटलं, यंदाही आपण हरणार आहोत. पण दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलगी तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर सरळ फेक करेल, दहातल्या सात तरी. या आणि मोजा. बरेच जण आले नाहीत. एक बाप मात्र दर शनिवारी यायचा. सकाळचं दूध घालून झालं की डब्यासकट सायकल कुंपणाला टेकवून उभा राहायचा आणि बोटांवर फेकी मोजायचा. निघताना आकडा सांगायचा. चार. मग पाच. मग परत चार. दसऱ्याच्या सुट्टीआधी सहा. त्याचा आकडा माझ्या वहीतल्या आकड्याशी जुळायचा. त्या वर्षी आम्ही खरोखरच हरलो, पण ३–५ नं, आणि त्या दिवशी शाळेत कुणी काही विचारलं नाही. तो बाप आधीच चार लोकांना सांगून मोकळा झाला होता की पोरी आता सरळ फेकतात.

तेव्हा मंडळाच्या माणसांना रस्त्यात उत्तर देऊ नका, त्यांना सरावाला बोलवा. पुढच्या यात्रेत जिंकू असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. हातात आहे ते सांगा. होळीपर्यंत डाव्या कोपऱ्यातली पकड किती वेळा टिकेल, चढाईला गेलेलं पोर मोकळ्या हातानं किती वेळा परत येईल. आकडा सांगा आणि त्यांच्यासमोर मोजा. ठरल्या तारखेला आकडा आला नाही, तर तेही त्यांना आपणहोऊन सांगा.

आणि ते पाच जुने खेळाडू. त्यांना तुम्ही बसवलंत, पण मैदानावर बोलावलंत का? पत्रात तसं काही दिसलं नाही, म्हणून विचारतोय. मॅककचन २०१८ मध्ये गेला आणि २०२३ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी परत पिट्सबर्गला आला. एप्रिलात घरच्या मैदानावर पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. त्याआधी सलग दोन वर्षं त्या संघानं शंभरेक सामने गमावले होते. लोकांचा राग मोठा होता, पण त्या माणसावर नव्हता. तुमच्या त्या पाचांना आजच निरोप पाठवा. पकड कशी धरायची ते तुमच्याइतकंच त्यांनाही येतं, आणि मंडळातली माणसं तुमच्याआधी त्यांचं ऐकतील.

पोरांची पुढची स्पर्धा कधी आणि कुठल्या गावात आहे ते कळवा. मी खानापूरहून सकाळच्या गाडीनं येतो. वही घेऊन येतो, पकडी मी मोजेन.